खेळ राहू द्या, वागणं बघा!

रत्नागिरीत दोन गोष्टी कधी मागवाव्या लागत नाहीत: पाऊस आणि मत. पाऊस निदान दसऱ्याच्या सुमारास आवरतं घेतो. मताला हंगाम नाही. त्याचा मोहोर गळत नाही, त्याला थ्रिप्स लागत नाही, वाशीला पाठवून दलालाच्या पट्टीची वाट बघत बसावं लागत नाही. ते बारमाही धरतं आणि जागेवर फुकट मिळतं. त्यातही खेळाडूंच्या वागण्याविषयीचं मत म्हणजे आमचा अस्सल हापूस.

मारुती मंदिरापाशी, छत्रपती शिवाजी स्टेडियमच्या आसपास संध्याकाळी जो चहा उकळतो, त्याच्याभोवती आमचा कट्टा भरतो. आम्ही सगळे खेळाचे शौकीन. शौकीन म्हणजे सामना अर्धा बघून त्यावर पूर्ण बोलणारे. कसोटी आम्ही डुलक्या काढत बघतो, वनडे जेवताना बघतो आणि ट्वेंटी-ट्वेंटी दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये मान घालून बघतो. चेंडू रिव्हर्स स्विंग का होतो, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. पण तो टाकणाऱ्याने विकेट घेतल्यावर फलंदाजाकडे बघून जे काही केलं ते त्याला शोभलं का, यावर आम्ही टपरी बंद होईपर्यंत बोलू शकतो.

त्याचं कारण उघड आहे. खेळावर बोलायला खेळ कळावा लागतो. वागण्यावर बोलायला तसली काही अट नाही. लहानपणी प्रत्येकाला कोणी ना कोणी वागण्यावरून झोडपलेलं असतं, त्यामुळे हा विषय सगळ्यांचाच पक्का असतो.

कट्ट्याचे मुख्य मानकरी तीन. पहिले मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मार्क द्यायची सवय सुटलेली नाही. खेळाडूच्या वागणुकीला ते दहापैकी मार्क देतात. बरीच वर्षं उच्चांक राहुल द्रविडचा होता, आठ. त्यातला अर्धा मार्क 2021 मध्ये कापला गेला, कारण एका जाहिरातीत तो बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून बाहेर डोकावून भांडताना दिसला. ते नाटक होतं, त्याचे त्याला पैसे मिळाले होते, हे आम्ही परोपरीने सांगितलं. मास्तर म्हणाले, "पैसे घेऊन ओरडला? मग तर एक कापायला हवा."

दुसरे आबा. आंबा बागायतदार. त्यांना कुठलाही आकडा पेट्यांत मोजल्याशिवाय कळत नाही. ऋषभ पंतला लखनऊने 27 कोटींना घेतलं त्या दिवशी त्यांनी चहाच्या कपाखालच्या कागदावर हिशोब मांडला. पेटी तीन हजारांना धरली तरी 90 हजार पेट्या. मग तो पूर्ण हंगाम पंत बाद झाला की आबा कळवळायचे, "गेला! 90 हजार पेट्या एका फटक्यात नासवल्यान!"

तिसरे भाऊ. बँकेतून निवृत्त. त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या वेळी" अशी होते. चौथा माझा भाचा. तो मोबाइलवर सगळी माहिती काढून खरं काय ते सांगतो, त्यामुळे त्याला मानकऱ्यांत धरलेलं नाही.

2025 हे वर्ष आमच्या कट्ट्याला फार समृद्ध गेलं. एक तर ते हात मिळवण्या-न मिळवण्याचं वर्ष होतं. जुलैत मँचेस्टरला चौथी कसोटी अनिर्णित सुटणार हे दिसताच बेन स्टोक्स हात पुढे करून आला. रवींद्र जडेजा 89 वर होता, वॉशिंग्टन सुंदर 80 वर. दोघांनी हात घेतला नाही. शतकं पुरी केली आणि मगच घेतला. स्टोक्स चिडला, हॅरी ब्रूकला चेंडू देऊन चेष्टा आरंभली. इंग्लंडमध्ये यावर मोठा खल झाला म्हणे. आमच्याकडे झाला नाही. पानात आमरस वाढून झाल्यावर "चला, आता उठा, उशीर झाला" म्हणणारा माणूस रत्नागिरीत कोणत्याही न्यायालयात हरेल. मास्तरांनी जडेजाला सात दिले. स्टोक्सचा पेपर तपासलाच नाही.

सप्टेंबरात दुबईला आशिया चषकात भारताच्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवलेच नाहीत. त्यामागचं पहलगामच्या हल्ल्याचं कारण थट्टेचं नव्हतं, त्याची थट्टा कोणी केलीही नाही. पण हात न मिळवण्याच्या रीतीवर कट्ट्याने तज्ज्ञ म्हणून मत दिलंच. न बोलणं आणि न भेटणं या शास्त्रात कोकणाचा हात धरणारा कोणी नाही. इथे गडग्याच्या वीतभर जागेवरून चुलतभाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाणी कोर्टाच्या तारखेला मात्र दोघे एकाच एसटीने जातात, एकमेकांची पिशवी संभाळतात, फक्त बोलत नाहीत. "वैर सांभाळायला शिस्त लागते," आबा म्हणाले. त्यांचा स्वतःचा दावा चालू आहे.

मग 28 तारखेचा अंतिम सामना. तिलक वर्माने डाव सावरला, आपण पाच गडी राखून जिंकलो आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसीन नक्वी, जे पाकिस्तानच्या मंडळाचेही अध्यक्ष, त्यांच्या हातून चषक घ्यायला संघाने नकार दिला. समारंभ तासाभराहून जास्त रखडला. शेवटी सूर्यकुमार यादव हातात काहीही नसताना चषक आणल्याच्या चालीने चालत आला आणि सगळ्यांनी तो न दिसणारा चषक उंचावला. हे दृश्य बघून आबा गप्प झाले. आमच्या तालुक्यातल्या स्पर्धांत याच्या बरोबर उलटं असतं. चषक टेबलावर संध्याकाळपासून मांडलेला असतो, पाहुणाच दिसत नाही. जिंकलेला संघ मध्यरात्रीपर्यंत डास मारत बसतो, माइकवरचा गृहस्थ "पाहुणे हातखंब्यापर्यंत आले आहेत" असं दर अर्ध्या तासाने जाहीर करतो. न दिसणारा पाहुणा ही कल्पना आमची जुनीच. न दिसणारा चषक एवढाच दुबईचा नवा शोध.

बुद्धिबळाने तर कहरच केला. जूनच्या पहिल्या तारखेला नॉर्वेत स्टाव्हेंजरला मॅग्नस कार्लसन जिंकत आलेला डाव गुकेशकडून हरला आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. सोंगट्या उडाल्या. कट्ट्यावर ती फीत इतक्या वेळा बघितली गेली की टपरीवाल्याने चहाचे ग्लास आमच्यापासून लांब ठेवायला सुरुवात केली. मास्तरांनी कार्लसनला शून्य दिलं. आमच्यातला एक जुना कॅरमपटू म्हणाला, "बुद्धिबळ म्हणून निभावलं. कॅरमच्या बोर्डावर असा ठोसा मारला असता तर राणी भोकात गेली असती आणि वर कव्हर मागितलं असतान."

भाच्याने मग त्याच कार्लसनची आदल्या डिसेंबरातली न्यूयॉर्कची हकिगत सांगितली. जागतिक जलद स्पर्धेत तो जीन्स घालून आला. नियमाप्रमाणे 200 डॉलर दंड झाला. पँट बदल म्हटल्यावर हा म्हणाला, उद्या बदलतो. आज नाही. आणि स्पर्धा सोडून गेला. पुढे संघटनेने नियम सैल केला, हा जीन्स घालून ब्लिट्झ खेळायला परत आला आणि अंतिम फेरीत नेपोम्नियाचीबरोबर विजेतेपद वाटून घेतलं. ती जीन्स पुढे लिलावात 36 हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. आबांनी पेट्यांचा हिशोब मांडला आणि घरी जाऊन जुन्या पँटी बोहारणीला द्यायच्या नाहीत अशी ताकीद दिली.

गुकेशला मात्र कोणी बोट लावू शकलं नाही. 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरला जगज्जेता झाला तेव्हा पोरगं रडलं आणि रडता रडता पटावरच्या सोंगट्या पुन्हा जागेवर मांडून ठेवल्या. हे पाहून मास्तरांचेही डोळे भरून आले. "खेळून झाल्यावर पसारा आवरणारा मुलगा मी आख्ख्या नोकरीत पाहिला नाही," ते म्हणाले आणि द्रविडचा कापलेला अर्धा मार्क गुकेशच्या खात्यावर जमा केला.

कुस्तीवर बोलायचा आम्हाला काडीचा अधिकार नाही. कोकणात कुस्ती झालीच तर गणपतीत एसटीच्या खिडकीच्या जागेसाठी होते. तरी 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात शिवराज राक्षेने निकालावरून पंचाला लाथ मारली तेव्हा आम्ही दोन दिवस दुसरं काही बोललो नाही. महेंद्र गायकवाडही अंतिम कुस्ती सोडून निघून गेला. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. कट्ट्याचं मत दुभंगलं. निम्मे म्हणाले, लाथ वाईट. उरलेले निम्मे म्हणाले, लाथ वाईटच, पण खांदा खरंच टेकला होता का ते आधी बघा. यातल्या एकालाही चितपट कशाला म्हणतात ते नीट सांगता आलं नसतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. भाच्याने एक दिवस मास्तरांच्या मार्कांची जुनी यादीच काढली. त्याने ती गुपचूप मोबाइलमध्ये नोंदवून ठेवली होती. म्हणाला, "मास्तर, तुमचे मार्क वागणुकीला नसतात, स्कोअरबोर्डला असतात."

पुरावा त्याने हरमनप्रीत कौरचा दिला. जुलै 2023 मध्ये मीरपूरला बाद दिल्यावर तिने बॅटने स्टंप उडवले, बक्षीस समारंभात पंचांना टोमणे मारले आणि दोन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. तेव्हा मास्तरांची नोंद होती: दोन मार्क, पालकांना बोलावणे. पुढे 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून त्याच हरमनप्रीतच्या हातात विश्वचषक आला. तिने प्रशिक्षक अमोल मुजुमदारचे पाय धरले. मुंबईसाठी खोऱ्याने धावा करूनही भारताची टोपी कधीच न मिळालेला हा माणूस. कट्ट्यावर मोठमोठी माणसं नाक शिंकरायला वळली. मास्तरांची नोंद: साडेआठ, बाणेदार. आणि मीरपूर? "तेव्हाही बाणाच होता हो, फक्त दिशा चुकली होती."

एकदा हा धागा हाती लागल्यावर गोधडीच उसवली. जिंकला तर करारी, हरला तर उर्मट. शतक ठोकलं तर बिनधास्त, शून्यावर गेला तर बेजबाबदार. विराट कोहलीने मेलबर्नला एकोणीस वर्षांच्या कॉन्स्टासला खांदा मारला आणि मानधनातला पाचवा हिस्सा दंडात घालवला. ती कसोटी आपण हरलो, म्हणून तो खांदा वाईट ठरला. जिंकलो असतो तर त्या खांद्यावर भारतीय क्रिकेटची धुरा असते असं भाऊंनी नक्की म्हटलं असतं. रोहित शर्माच्या पोटावर तर कट्ट्याने वर्षभर तोंडसुख घेतलं. ज्या पोटांवर चहाचा ग्लास टेकवून ठेवता येतो, त्या पोटांची मालक मंडळी यात पुढे होती. मार्चमध्ये त्याने 76 धावा काढून चॅम्पियन्स करंडक जिंकून दिला, त्या रात्री ते पोट खात्यापित्या घरचं झालं. पुढे त्याने मेहनतीने वजन उतरवलं, तर आबा म्हणाले, "वाळला हो बिचारा, तब्येत ठीक आहे ना?" तसा रोहित आमचा लाडका. 2023 मध्ये रायपूरला नाणेफेक जिंकून काय घ्यायचं तेच विसरला, त्या दिवसापासून तर फारच. नारळ आणायला जाऊन कोथिंबीर घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांना इतका जवळचा कर्णधार दुसरा मिळाला नाही.

यावर भाऊंनी हुकमी पत्ता टाकला. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गावसकर बघा. सभ्य माणसांचा खेळ होता."

भाच्याचा अंगठा मोबाइलवर फिरला. 1975, लॉर्ड्स, पहिला विश्वचषक. इंग्लंड 334. गावसकर साठ षटकं खेळून नाबाद 36. 1981, मेलबर्न. पायचीत दिल्यावर गावसकर चिडून चेतन चौहानलाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले, व्यवस्थापकांनी सीमारेषेपाशी चौहानला अडवलं म्हणून सामना वाचला. वाचला आणि आपण तो 59 धावांनी जिंकला, कपिलने पाच बळी घेतले. "जिंकलो ना!" भाऊ लगेच म्हणाले. "मग तो स्वाभिमान!" आपण काय म्हणून बसलो हे त्यांच्या लक्षात यायला चहाचे दोन घोट लागले.

मागची पानं उलटताना भाचा आणखी मागे गेला. पळवणकर बाळू. आडनाव कोकणातलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकीपटूने शंभराहून जास्त बळी घेतले. पुण्यात त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे सहकारी चहाच्या वेळी आत पॅव्हेलियनमध्ये बसत. बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात चहा मिळे. जातीपायी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलं नाही. ते 1923 मध्ये धाकटा भाऊ विठ्ठलला मिळालं. त्या काळी खेळाडूंनी कसं वागायचं याचे नियम फार कडक होते. बघणाऱ्यांनी आणि बरोबर खेळणाऱ्यांनी कसं वागायचं, याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. भाऊंनी त्या दिवशी "आमच्या वेळी" पुन्हा म्हटलं नाही.

बघणाऱ्यांच्या वागण्याचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून टाकू. भातकापणी झाली की आमच्याकडे मळ्यामळ्यांतून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, पहिलं बक्षीस कधी रोख, कधी बोकड. पंच यजमान वाडीचा असतो, त्यामुळे निकाल सामन्याआधीच बऱ्यापैकी स्थिर असतो. धावबादवरून वाद झाला की दोन्ही वाड्या मैदानात उतरतात, प्रत्येकाला चेंडू आधी लागला की पाय, हे दीडशे फुटांवरून स्पष्ट दिसलेलं असतं. बॅट ज्याची तो बाद झाला तर बॅट घेऊन घरी जातो. कार्लसनला शून्य देणारे आमचे मास्तर अशाच एका सामन्यात पंच होते. ते स्टंप काखेत मारून घरी गेले होते. स्टंप त्यांच्या हातचे होते, हा त्यांचा बिनतोड मुद्दा आजही आहे.

तर असा आमचा दरबार. चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने जयपूरला 35 चेंडूंत शतक केलं, सगळा देश नाचला. आमच्या दरबारात पहिला प्रश्न आला, "दहावीचं काय ठरवलंन?" कोणी सुटत नाही. कोणाला सोडायचं नाही हाच नियम आहे.

आणि इथेच भाच्याने आम्हाला पकडलं.

तो म्हणाला, "रत्नागिरी कॅरमचं गाव. आकांक्षा कदम इथली, राष्ट्रीय स्पर्धा जिंकते. रियाझ अकबर अली इथला. खो-खोत ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे महाराष्ट्राकडून खेळल्या. चिपळूणच्या कोळकेवाडीचा शुभम शिंदे प्रो कबड्डीत भल्याभल्या चढाईपटूंचे घोटे धरतो. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक आपण पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकलो, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. यांच्या वागण्याबद्दल तुमचं काय मत?"

कट्ट्यावर शांतता पसरली. मत नाही! वाळूशिल्पाच्या स्पर्धेवर मत असणाऱ्या, कर्लिंगच्या झाडूवर मत असणाऱ्या आमच्या कट्ट्याकडे यांच्यासाठी मत नव्हतं. मास्तर चाचरत म्हणाले, "चांगली मुलं आहेत हो."

रत्नागिरीत एखाद्याला "चांगला आहे हो" म्हणून सोडून दिलं, की समजावं, त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नाही. ज्याच्यावर आमचा जीव असतो त्याची आम्ही केसांपासून बुटांपर्यंत उणीदुणी काढतो. कोहलीला आम्ही जेवढे तास शिव्या दिल्या तेवढ्या तासांत एखादी नवी भाषा शिकून झाली असती. आमच्याच आळीतल्या राष्ट्रीय खेळाडूला साधा एक टोमणा आम्ही कधी मारला नव्हता. बातमी आतल्या पानावर येते, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, पाहुणा हातखंब्याहून येतो, आणि विषय संपतो. केसाच्या रंगावरून वाद नाही, जाहिरातीवरून वाद नाही. एवढी उपेक्षा आम्ही शत्रूचीसुद्धा करत नाही.

कट्ट्याला हे लागलं. पुढल्याच आठवड्यात शहरात कॅरमची स्पर्धा होती, मास्तर चक्क बघायला गेले. आतापर्यंत ते आयुष्यात फक्त गणपतीच्या जागरणात कॅरमजवळ बसले होते. संध्याकाळी आले ते तणतणत.

"एक पोरगा होता. व्हाइट स्लॅम मारलान. मारलान तर मारलान. नंतर चष्मा काढून पुसत बसला. समोरचा बिचारा हात मिळवायला उभा, आणि हा पुसतोय आपला सावकाश! सहा मार्क."

"सहा?" आबा उसळले. "अहो, डोळ्यांवर खेळ आहे त्याचा! चष्मा नाही पुसायचा? साडेसात द्या."

"पुसावा. पण हात मिळवल्यावर पुसावा."

"जडेजाने तरी आधी शतकच पुरं केलं होतं ना? त्याला सात दिलेत!"

"आमच्या वेळी," भाऊ बऱ्याच दिवसांनी म्हणाले, "कॅरमपटू चष्मा घालतच नसत."

अर्धा तास भांडण चाललं. आबा निघून गेले, टपरीवाल्याने त्यांच्या नावावर चार चहा मांडले, भाच्याने पहिल्यांदाच मोबाइल खिशात घातला. त्या पोराचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. ते विचारायला उद्या मास्तर पुन्हा स्पर्धेला जाणार आहेत. आबाही जाणार आहेत, चष्मा किती वेळ पुसतो ते घड्याळ लावून बघायला.